बोगद्यापलीकडची गिनती

सहादू पगारे ज्या जागी गेले ती जागा त्यांच्या बायकोला, छायाला, पाहायची होती. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने जमील कोकणीला फोन केला आणि रविवार ठरवूनच टाकला.

“त्या दिवशी जेवढे होतात तेवढे सगळे पाहिजेत,” ती म्हणाली. “तुम्ही, मुबीनभाई, योगिनी. सृष्टीला मी सांगितलंय.”

“वहिनी, तिथं धड वाट नाहीये. नुसती खडी आहे. तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत, जमीलभाई.”

जमीलने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तो वर्कशॉपमध्ये अर्धवट गुंडाळलेल्या मोटारीसमोर नुसता बसून राहिला. छायाला तिथे जाऊन काय विचारायचं आहे ते त्याला ठाऊक होतं. वर्षभर ती तेच विचारत होती. सहादूंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विचारलं, मुबीनच्या दुकानात येऊन विचारलं, योगिनीला फोनवर विचारलं. बोगदा ओलांडल्यावर ‘पाच’ कोण म्हणालं?

तिघांनी दरवेळी एकच उत्तर दिलं होतं. आठवत नाही.

ग्रुप तसा लहान. जमीलचं नाशिकच्या वडाळा नाक्याजवळ मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप. मुबीन मन्सुरीचं गाद्यांचं दुकान. योगिनी मेडिकल चालवते. सहादू सरकारी कचेरीत कारकून होते. चौघांची ओळख सकाळी मैदानावर फेऱ्या मारताना झाली आणि मग रविवारी डोंगर सुरू झाले. सहादूंची मुलगी सृष्टी सातवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर यायची. छाया कधी आली नाही. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. आठवडाभर पोरांच्या गलक्यात काढल्यावर रविवारी तिला घर रिकामं हवं असायचं. “तुम्ही दोघं बाहेर पडलात की मला बरं वाटतं,” असं ती तेव्हा मोकळेपणी म्हणायची.

सगळ्यांची आवडती वाट म्हणजे इगतपुरीपुढची जुनी लाईन. घाटात रेल्वेने कधीकाळी मार्ग बदलला आणि हा तुकडा मागे राहिला. रूळ उचलून नेले. खडी राहिली, दगडी मोऱ्या राहिल्या, एक छोटा पूल आणि एक बोगदा राहिला. चढ असा की पायांना कळत नाही. पावसाळा सरल्यावर दोन्ही बाजूंचं गवत कमरेइतकं असतं आणि मधून ही खडीची पट्टी सरळ निघून जाते.

बोगदा मात्र मध्ये वळतो. अर्ध्या वाटेवर मागचा उजेड संपतो आणि पुढचा अजून दिसत नाही. म्हणून जमीलने पहिल्याच खेपेला नियम केला होता. प्रत्येकाला एक आकडा, आणि तो कायमचा. जमील एक, योगिनी दोन, मुबीन तीन, सृष्टी चार, सहादू पाच. बोगद्याबाहेर आलं की जमील “गिनती!” असं ओरडायचा आणि ज्याने त्याने आपला आकडा सांगायचा.

पाचवा सगळ्यांत मागे. ती जागा सहादूंनी मागून घेतली होती, कारण त्यांना थांबायला आवडायचं. मोरीवरचं शेवाळं, दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, कारवीचं पान, सगळ्याचे फोटो. त्यामुळे गिनतीच्या वेळी ते बहुधा अजून आतच असायचे, आणि त्यांचा आकडा सृष्टी सांगून टाकायची. चार आणि पाच असे दोन आकडे नाहीत. ‘चारपाच’ असा एकच शब्द, एका दमात. मागून बोगद्यातून सहादूंचं हसणं घुमत यायचं. “पोरं कॉलेजात प्रॉक्सी मारतात, ही डोंगरात मारते,” असं मुबीन म्हणायचा. तिला कुणी टोकलं नाही. नियम करणाऱ्या जमीलनेही नाही.

मागच्या नोव्हेंबरात ती तशीच ‘चारपाच’ म्हणाली. मागून हसू आलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौघं गप्पा मारत पुलापर्यंत गेले, सावली बघून बसले, डबे उघडले. ठेच्याची बाटली सहादूंच्या सॅकमध्ये होती. ती मागायला मुबीन वळला, तेव्हा मागे कुणी नव्हतं.

सहादू बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी सापडले, दगडाला टेकून बसलेले. शेजारी खालच्या वाडीतली एक बाई होती. घोटीला पोहोचेपर्यंत संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर, असं योगिनीने विचारलं. सांगता येत नाही, ते म्हणाले.

तिथल्या व्हरांड्यात सृष्टी बाकाच्या टोकाला बसली होती. “मी म्हटलं ना पाच,” ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणणार, तेवढ्यात योगिनीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“तू काही म्हटलं नाहीस. कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. कळलं?”

जमील आणि मुबीनने होकाराच्या माना हलवल्या. छाया नाशिकहून निघाली होती. गिनती बरोबर आली होती हे जमीलच्या तोंडून तिला फोनवर आधीच सांगून झालं होतं, ते काही परत घेता येत नव्हतं. आकडा कुणी सांगितला हे मात्र तिला कळता कामा नये, इतकंच तिघांना त्या घडीला सुचलं. नवरा गेलाच होता. मुलगी तरी तिच्याजवळ राहावी.

*

रविवारी सकाळी पाचही जण जमीलच्या ईको व्हॅनमधून निघाले. छाया पुढे बसली. विल्होळी गाव मागे पडलं. शेवटी मुबीनला राहवेना.

“वहिनी, या गाडीला घाट दाखवायचा नसतो. दाखवला की ती रुसते. जमीलमियां तिला आधी गोड बोलून घेतात.”

“तुझ्या गाद्यांपेक्षा बरी आहे,” जमील म्हणाला. “त्यावर झोपून माझ्या सासऱ्यांची कंबर गेली.”

“सासऱ्यांची कंबर माझ्या गादीआधीच गेलेली होती. मी फक्त सर्टिफिकेट दिलं.”

छाया किंचित हसली. “बोलत राहा, मुबीनभाई. तुम्ही गप्प बसलात की जास्त भीती वाटते.”

सृष्टी मागच्या सीटवर खिडकीला चिकटून बसली होती. यंदा तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष. वर्षात ती इतकी वाळली होती की योगिनीने न विचारता तिला टॉनिकच्या बाटल्या नेऊन दिल्या होत्या. त्या तशाच पडून होत्या. मायलेकी एकमेकींशी बोलायच्या ते गॅसबद्दल, दुधाबद्दल, लाईट बिलाबद्दल. घरात आवाज असा नव्हताच, असं योगिनी एकदा जमीलला म्हणाली होती.

घोटीच्या आसपास भाताची सोंगणी झाली होती. खाचरांमधून पेंढ्यांचे ढीग उभे होते. इगतपुरी ओलांडून जमीलने नेहमीच्या झाडाखाली गाडी लावली आणि पाचजण खडीवर चढले.

निघण्याआधी जमीलने सवयीने मागे वळून पाहिलं. योगिनी, मुबीन, सृष्टी, आणि सगळ्यांत मागे छाया.

“वहिनी, तुम्ही मध्ये या.”

“मी मागंच ठीक आहे. ह्यांना मागून काय दिसायचं ते बघायचंय.”

छाया हळू चालत होती. शाळेत घालायचे कॅनव्हासचे बूट खडीवर वाकडे पडत होते. तरी तिने कुठेही बसायला मागितलं नाही. पहिल्या मोरीपाशी ती थांबली.

“इथं थांबायचे?”

“इथं तर हमखास,” जमील म्हणाला. “त्या कमानीतलं शेवाळं दरवेळी नवं आहे म्हणायचे.”

छायाने वाकून शेवाळं पाहिलं. “घरी कॉम्प्युटरवर नुसते दगड आहेत. मी म्हणायचे, अहो, माणसांचेही काढत जा. तर म्हणायचे, माणसं हलतात.”

सृष्टी थोडी पुढे उभी होती. तिने ते ऐकलं आणि चालायला लागली.

बोगद्याच्या तोंडाशी तो दगड होता. जमीलने तो हाताने दाखवला. छाया जाऊन त्यावर बसली, मग उठून दगडाशेजारी जमिनीवर बसली, पाठ टेकून. तिथून काय दिसतं ते तिने पाहिलं. समोर गवत, गवतापलीकडे दरी, दरीत खालच्या वाडीची कौलं. ती रडली नाही. योगिनीने पाण्याची बाटली पुढे केली ती तिने घेतली नाही. बऱ्याच वेळाने ती दगडाचा आधार घेऊन उठली.

“चला. पलीकडे.”

टॉर्च लावून सगळे आत शिरले. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली करकरणारी खडी आणि भिंतीवरून तोच आवाज परत. इथे मागचं पाऊल आपलं की दुसऱ्याचं ते ऐकून कळत नाही. वळण आलं, मागचा उजेड गेला, थोड्या वेळाने पुढचा दिसू लागला. बाहेर आल्यावर जमील थांबला. तो ओरडला नाही.

“घ्या ना गिनती,” छाया मागून म्हणाली.

“वहिनी, आज नको.”

“त्या दिवशी घेतलीत ना? मग घ्या.”

जमीलने हातातला टॉर्च बंद केला. शेवटी तो नुसताच “एक” म्हणाला.

“दोन,” योगिनी.

“तीन.”

मग गिनती थांबली. दरीतून कुठूनतरी चालू लाईनवरच्या मालगाडीचा आवाज येत होता.

“चार,” सृष्टी म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

छाया तिच्यामागे उभी होती. तिने कुठलाच आकडा सांगितला नाही. “आता सांगा,” ती म्हणाली. “त्या दिवशी इथं पाच कोण म्हणालं?”

तेच उत्तर पुन्हा जमीलच्या जिभेवर आलं होतं, एवढ्यात मुबीन पुढे झाला.

“मी.”

योगिनीने मान झटकन वळवली. असं काही ठरलं नव्हतं.

“मी म्हणालो, वहिनी. मस्तीत. तुम्हाला माझं तोंड माहीत आहे, ते डोक्याला विचारत नाही. बोलून गेलो आणि विसरून गेलो. नंतर तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. हे लोक मला सांभाळून घेत होते.”

छाया त्याच्याकडे बघत राहिली. ती त्याला मारेल असं जमीलला एक क्षण वाटलं. मुबीननेही तसं धरून चालल्यासारखे हात मागे घेतले होते. पण तिचा चेहरा चढला नाही. उलट तिचे खांदे खाली आले आणि तिने लांब श्वास सोडला, जणू वर्षभर ती तो धरूनच होती.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. मग सृष्टीकडे वळून, “ऐकलंस ना?”

सृष्टीने मान वर केली नाही.

“मुबीनभाई, आता काही दिवस मी तुमच्याशी बोलणार नाही. दुकानावर येणार नाही. मनावर घेऊ नका.”

“तुमचा हक्क आहे, वहिनी.”

हे शेवटचं बोलणं जमीलला थोडं विचित्र वाटलं. ज्याच्यामुळे नवरा गेला त्याला कुणी ‘मनावर घेऊ नका’ म्हणत नाही. पण त्याने तो विचार सोडून दिला. झालं होतं. मुबीनने एका खोट्याने सगळं निस्तरलं होतं आणि मुलगी वाचली होती. पुलापर्यंत जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. सगळे परत बोगद्यात शिरले आणि या खेपेला मुबीन मुद्दाम सगळ्यांत मागे राहिला.

*

अलीकडच्या तोंडाशी एक बाई गवताचा भारा दगडाला लावून दम खात उभी होती. जमीलने तिला ओळखलं, आणि तिनेही त्याला.

“तुमीच ना वं मागल्या साली आल्ते? ते दादा...” ती थांबली. “मी भागीबाई. वाडीतली.”

त्या दिवशी घाईत तिचं नावही कुणी विचारलं नव्हतं. जमील काही म्हणायच्या आत छाया पुढे आली.

“मी त्यांची बायको.”

भागीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि छायाचे दोन्ही हात हातात घेतले. “लय चांगला मानूस हाय म्हनलं मी तवाच. येवढं दुखतंय तरी मला म्हने, बाई, तुमचं गवत राहिलं माझ्यापायी.”

“बोलत होते?”

“बोलत व्हता की. बसला व्हता हितं, छाती धरून. पानी मागलं, माझ्या बाटलीतलं पाजलं. घाम लय आल्ता. मी म्हनलं, दादा, वाडीतून पोरं आनते, झोळी करून नेतील खाली, सडकंवर गाडी मिळंल. तर म्हने, नको, जाऊ नका कुठं.”

“का?” छायाने विचारलं.

“म्हने, माझी मानसं पुढंच हायेत. पलीकडं गेले की गिनती करत्यात. एक आकडा कमी भरला की येतील मागं पळत.” भागीबाईने बोगद्याकडे हात केला. “मंग बसलो आमी वाट बगत. त्याला हाक मारायचा जोर नव्हता. मी मारली, पन माझी हाक काय येवढ्या अंधारातून जाती? मधी मधी म्हनायचा, आता झाली असंल गिनती. आता येतील. त्या बोळाकडंच बगत व्हता शेवटपर्यंत.”

योगिनीने सृष्टीकडे पाहिलं आणि तिच्याकडे निघाली, पण तोवर उशीर झाला होता.

“मी म्हटलं होतं,” सृष्टी म्हणाली.

“सृष्टी, गप बस.”

“नाही मावशी. मुबीनचाचा खोटं बोलतायत. मम्मी, पाच मी म्हटलं. चारपाच म्हटलं मी, नेहमीसारखं. मागं बघितलंच नाही. पप्पा इथं वाट बघत होते आणि मी तिकडं...” तिला पुढे बोलता येईना. ती खडीवरच खाली बसली.

मुबीन पुढे आला. “वहिनी, पोरगी घाबरलीय, तिला वाटतंय...”

“मुबीनभाई, राहू द्या,” छाया म्हणाली. “मला माहीत आहे.”

तिने भागीबाईचे हात सोडले नव्हते. ते आता तिने हळूच सोडले.

“रविवारी रात्री जेवायला बसले की हे सांगायचे. आजपण पोरीनं माझी हजेरी लावली. दर रविवारी तेच, आणि दर रविवारी हसायचे. जमीलभाई, तुम्ही फोनवर म्हणालात ना की गिनती बरोबर आली होती, मला तेव्हाच कळलं. मी अजून घरातून निघालेही नव्हते.”

“मग वर्षभर विचारत कशाला होता?” योगिनीचा आवाज चढला. “आम्ही काय सोसलं ते...”

“तुमच्यातलं कुणीतरी ‘मी’ म्हणेल म्हणून.”

छाया पुढे बोलत राहिली.

“कुणीही चाललं असतं. मी तेच खरं धरलं असतं. तुमच्यावर रागावले असते, जन्मभर रागावले असते. लांबच्या माणसावर रागावून राहता येतं. ही माझ्या शेजारच्या खोलीत झोपते.” छायाने सृष्टीकडे बोट केलं नाही, पाहिलंही नाही. “पण तुम्ही म्हणायचात, आठवत नाही. मी विचारायचे, तुम्ही म्हणायचात आठवत नाही. तुमचं ते उत्तर ऐकलं की दरवेळी मला हिचाच आवाज ऐकू यायचा.”

“आज म्हटलं मी,” मुबीन म्हणाला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला होता.

“आज म्हणालात. मी धरलंही होतं. त्या टोकापासून या टोकापर्यंत माझं बरं चाललं होतं, मुबीनभाई.”

सृष्टीने वर पाहिलं. “तू माझ्यावर रागावलीयस?”

“हो,” छाया म्हणाली.

पोरांना गणित समजावून सांगताना जसा असेल तसा तिचा आवाज होता, स्पष्ट आणि सावकाश. “तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला पोटाशी धरलं असतं. पण तू आंघोळ करून केस पुसत बाहेर येतेस, मला राग येतो. तू नीट जेवलीस तर येतो, ताट तसंच ठेवून उठलीस तरी येतो. तू रात्री रडतेस ते मला ऐकू येतं. मी जागी असते. मला उठून तुझ्याजवळ यायचं असतं आणि मी येत नाही. मला वाटलं होतं कमी होईल. वर्ष झालं, होत नाहीये.”

“मग मी काय करू?”

“मला माहीत नाही, बाळा.”

‘बाळा’ हा शब्द तिच्या तोंडून सवयीने गेला. तो ऐकून सृष्टीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. योगिनी तिच्याजवळ बसली. छाया जागची हलली नाही.

भागीबाई एकेकाकडे बघत होती. “बाई, मी काय चुकीचं बोल्ले का?”

“नाही,” छाया म्हणाली. “तुम्ही होतात इथं. ते एकटे नव्हते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” ती वाकली आणि भाऱ्याला हात घातला. तिला तो उचलेना, तेव्हा मुबीनने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून भारा भागीबाईच्या डोक्यावर दिला. भागीबाई खालच्या पायवाटेने उतरून गेली. गवताचा भारा तेवढा बराच वेळ दिसत राहिला.

परतीच्या वाटेवर छाया जमीलबरोबर पुढे चालली. एका जागी पावसाने मोरीची कड वाहून नेली होती आणि मोठं पाऊल टाकून पलीकडे जावं लागत होतं. सृष्टी मागून पुढे आली, आधी पलीकडे गेली आणि तिने हात पुढे केला. छायाने त्या हाताकडे पाहिलं. ती तशीच थांबली. मग तिने जमीलचा खांदा धरला आणि पलीकडे पाऊल टाकलं. सृष्टीचा हात थोडा वेळ हवेत राहिला. तो तिने जॅकेटच्या खिशात घातला.

गाडीत मुबीननेही विनोद केला नाही. घोटीच्या टोलपाशी जमीलने चहाचं विचारलं, पण कुणालाच चहा नको होता.

*

वडाळा नाक्यावर पोहोचले तेव्हा संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. मायलेकींची स्कूटी जमीलच्या वर्कशॉपसमोर लावलेली होती. सृष्टीने ती स्टँडवरून काढली, किल्ली लावली आणि आई मागे बसेल म्हणून पुढे सरकून बसली.

छाया पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने पर्स बंद केली.

“तू ये गाडी घेऊन. मी रिक्षानं जाते.”

“मम्मी, घर एकच आहे.”

“माहीत आहे. आज मला तुझ्या पाठीला धरून बसता येणार नाही.”

तिने रिक्षा थांबवली, पत्ता सांगितला आणि बसली. निघताना तिने तिघांकडे बघून हात जोडले. मुबीनकडे तिने जरा जास्त वेळ पाहिलं. रिक्षा वाहनांत शिरली. सृष्टीने स्कूटी सुरू केली आणि ती रिक्षाच्या मागे निघाली.

ती पुढे जाऊ शकली असती. स्कूटीला जागा होती. पण ती रिक्षाच्या मागेच राहिली, तिच्याच वेगाने, डोळे पुसत, एका हाताने हँडल धरून. जमील, मुबीन आणि योगिनी फुटपाथवर उभे राहून बघत होते.

“मी पहिल्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं,” मुबीन म्हणाला. “व्हरांड्यातच. एक शब्द होता.”

जमीलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो शब्द त्यालाही बोलता आला असता, आणि योगिनीलाही. तिघं जाणत होते.

पुढच्याच चौकात एक टेम्पो मध्ये घुसला. स्कूटी त्याच्यामागे अडकली आणि रिक्षा पुढे निघून गेली. सृष्टी मान उंच करून बघत होती, पण तिच्यासमोर टेम्पोचा मागचा फाळका होता. तिला रिक्षा दिसत नसणार. फुटपाथवरून मात्र दिसत होती. रिक्षाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीत छायाचं डोकं वळलं. ती काही वेळ मागे बघत राहिली. मग ती पुढे वाकून रिक्षावाल्याशी काहीतरी बोलली.

रिक्षा रस्त्याच्या डाव्या कडेला आली आणि हळू झाली. मागची वाहनं हॉर्न मारत बाजूने निघून जात होती. टेम्पोमागून स्कूटी बाहेर पडेपर्यंत ती तशीच हळू चालत राहिली.